जुनं उभं घड्याळ घरी आणताय? आधी भिंत बघा

नंदगडच्या मामांचा वाडा विकायला निघाला तेव्हा तांब्या-पितळेची भांडी मावश्यांनी वाटून घेतली. माझ्या वाट्याला आलं ते माजघराच्या दारामागे वीस-बावीस वर्षं बंद उभं असलेलं सात फुटी लंबकाचं घड्याळ. मामा म्हणाले, "तू घेऊन जा बाबा, नाहीतर वाळवी घेऊन जाणार." मी खुशीत ते बेळगावला, शहापुरातल्या आमच्या घरी आणलं. पुढचे पाच महिने ते चाललं कमी, थांबलं जास्त. दोन दुरुस्तीवाले झाले, खिसा हलका झाला. शेवटी खडेबाजाराजवळच्या एका गल्लीत बसणारे एक वयस्कर घड्याळवाले काका घरी आले. त्यांनी मशीन उघडलंसुद्धा नाही. पेटीच्या वरच्या बाजूला दोन बोटांनी हलकेच ढकलून बघितलं आणि म्हणाले, "मशीनला काय झालेलं नाही हो. हे घड्याळ उभंच नाही, नुसतं टेकलंय."

तेच खरं निघालं. वारशाने, लिलावात किंवा मुंबईच्या चोरबाजारातून असं घड्याळ तुमच्या घरी येणार असेल, तर माझे पाच महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. हे सगळं जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, वजनांवर चालणाऱ्या घड्याळाबद्दल आहे. भिंतीवरच्या स्प्रिंगच्या घड्याळाचं शास्त्र वेगळं, ते इथे लावू नका.

आधी जमवायचं सामान

- ओळंबा आणि निदान फुटभर लांबीची पाणसळ
- बॅटरी, मोठा-छोटा स्क्रू ड्रायव्हर, चिमटा
- सुती हातमोजे (पितळेवर घामाचे डाग पडतात, आणि वजनं उघड्या शिशाची असतील तर हातालाही बरं)
- कागदी चिकटपट्टी आणि पेन, खुणा करायला
- सागवानाच्या पातळ पाचरी आणि दोन पट्ट्या
- जुनी जाडजूड वाकळ
- चौकोनी भोकाची, दांडा वळवून फिरवायची चावी. जुनी हरवली असेल तर घड्याळाच्या चौकोनी टोकाचं माप घेऊनच नवी मागवा. सैल चावीने टोकाचे कोपरे झिजतात आणि मग कुठलीच चावी धरत नाही.
- घड्याळाचं तेल. हे खास वेगळं मिळतं. का, ते पुढे.
- एक वही

१. आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

पेटीचं दार उघडा आणि वजनं मोजा. एकच वजन साखळीवर किंवा दोरीवर असेल तर ते साधारण तीस तास चालणारं घड्याळ. रोज साखळी ओढायची. दोन वजनं आणि तबकडीवर चावीची दोन भोकं असतील तर आठ दिवसांचं. तीन वजनं असतील तर ते पाव-पाव तासाला सूर वाजवणारं, आणि बहुतेक वेळा बरंच अलीकडचं.

इथला पहिला सापळा: तीस तासांच्या काही घड्याळांच्या तबकडीवर चावीची खोटी भोकं काढलेली असतात. आठ दिवसांचं घड्याळ महाग, ते आपल्याकडे आहे असं पाहुण्यांना वाटावं म्हणून. तेव्हा भोकं बघून किंमत ठरवू नका, वजनं बघा.

दुसरा सापळा म्हणजे जोडलेलं घड्याळ, एकाचं मशीन आणि दुसऱ्याची पेटी. मशीन ज्या आडव्या फळीवर बसतं ती फळी बॅटरीने नीट बघा. तिथे जुनी, उपयोगात नसलेली भोकं दिसली, फळीखाली नवीन लाकडाचे तुकडे सारलेले दिसले, किंवा वरच्या टोपाच्या चौकटीत तबकडी नीट बसत नसेल, तर विकणाऱ्याला विचारा. जोडलेलं घड्याळ वाईट असतंच असं नाही. पण त्याची किंमत अस्सलाची द्यायची नसते.

तबकडीवरचं नावही जपून वाचा. पांढऱ्या रंगवलेल्या तबकड्या इंग्लंडात १७७२ च्या सुमारास बर्मिंगहॅमला बनायला लागल्या. त्याआधी बहुतेक पितळेच्या असत. रंगवलेल्या तबकडीवरचं नाव पुष्कळदा घड्याळ विकणाऱ्या दुकानदाराचं असतं, आतलं मशीन बनवणाऱ्याचं नव्हे. आमच्या मामांची समजूत होती की ते नाव 'कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाचं' आहे. बेळगावात छावणी होती, साहेब बदलून जाताना सामान विकत, तेव्हा घड्याळ तसं आलं असेलही. पण साहेब आपलं नाव घड्याळावर कशाला रंगवून घेईल?

२. आत काय चाललंय ते एकदा समजून घ्या

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग दुरुस्तीवाला सांगेल ते ऐकावं लागतं. अर्धा तास द्या.

लंबकाचं घड्याळ हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगन्सने १६५६ साली काढलं. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत इंग्लंडात जहाजाच्या नांगराच्या आकाराचा, चाकाचे दाते एकेक करून सोडणारा अडसर, म्हणजे अँकर, आला. त्यामुळे लंबक फार न झुलता थोडाच झुलला तरी भागू लागलं. थोडा झुलणारा लंबक लांब ठेवता येतो, आणि लांब लंबक अरुंद पेटीत मावतो. ही सात फुटी पेटी म्हणजे मुळात लांब लंबकाचं आणि लोंबत्या वजनांचं कपाट आहे.

लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेतो. अँकरखालच्या चाकाला ३० दाते असतात. दोन झोक्यांत एक दाता सुटतो, म्हणून ते चाक मिनिटाला एक फेरा घेतं आणि सेकंद काटा त्याच्याच आसावर बसवलेला असतो. माझ्या घड्याळाचे दाते मी रविवारी बसून मोजले. वजनाच्या पिंपाचं (दोरी गुंडाळली जाते त्या नळकांड्याचं) मोठं चाक ९६ दात्यांचं, ते ८ दात्यांच्या पिनियनला, म्हणजे लहान दातेरी चाकाला, फिरवतं, म्हणजे पिंपाच्या एका फेऱ्यात मिनिट काट्याचे १२ फेरे, अर्थात १२ तास. पुढे ६० दात्यांचं चाक ८ दात्यांच्या पिनियनला आणि ५६ चं ७ च्या पिनियनला फिरवतं, म्हणजे ६० भागिले ८, गुणिले ५६ भागिले ७. उत्तर येतं ६०. मिनिट काट्याचा एक फेरा म्हणजे सेकंद काट्याचे साठ. आमच्या मुलीला अपूर्णांकांचा गुणाकार शाळेत पटला नव्हता, तो इथे पटला.

पिंपावर दोरीचे सोळा वेढे बसतात. एका वेढ्याला अर्धा दिवस, म्हणून आठ दिवस. साडेपाच-सहा किलोचं वजन तेवढ्या वेळात चारेक फूट खाली येतं. तेवढीच त्याची सगळी शक्ती. ही शक्ती कुठे वाया जाते यावर घड्याळ चालतं की थांबतं ते ठरतं, आणि ती सगळ्यात जास्त वाया जाते ती हलणाऱ्या पेटीत.

आणखी एक. सेकंद काटा प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पुढे टाकून किंचित मागे थरथरतो. तो दोष नाही, अँकरची रीतच तशी आहे. मला एका दुकानात 'काटा मागे सरकतोय, दाते झिजलेत' असं सांगून चाक बदलायला काढलं होतं. वेळीच सुचलं, नाही म्हणालो.

३. सोडवणं आणि गाडीत घालणं

चोर्ला घाटातून गोव्याहून आणा, निपाणीहून आणा की गल्लीतल्या गल्लीत हलवा, घड्याळ आहे तसं उचलून गाडीत घालायचं नाही. क्रम असा:

आधी मोबाईलवर सगळ्याचा व्हिडिओ काढा. मग वरचा टोप. तो बहुतेक वेळा वर उचलून निघत नाही, पुढे सरकवून निघतो. आतून एखादी खिट्टी असते. न बघता वर ओढला की तबकडीवरच्या काचेचं काम तमाम.

टोप निघाला की एकाला मशीन धरून उभं करा. मग वजनं काढा. हे धरून उभं राहणं फार महत्त्वाचं. पुष्कळ घड्याळांत मशीन फळीला आवळलेलं नसतं, वजनांच्या भारानेच जागेवर बसलेलं असतं. वजनं निघाली की जड तबकडीसकट सगळं पुढे कलंडतं. आमच्याकडे मामांचा हात तिथे होता म्हणून निभावलं. वजनांवर 'डावं', 'उजवं' अशी पट्टी लावा. सारखी दिसली तरी भार वेगळा असू शकतो.

मग लंबक. तो वर एका कागदाइतक्या पातळ पोलादी पट्टीवर टांगलेला असतो. हलक्या हाताने थोडा वर उचला, मागे घ्या आणि खाली काढा. ही पट्टी एकदा मुडपली की लंबक वेडावाकडा, आठ काढल्यासारखा झुलतो. लंबक तसाच लोंबता ठेवून गाडी खड्ड्यांतून नेली की पट्टी गेलीच समजा.

वजनं काढल्यावर दोऱ्या सैल पडून पिंपावरून उतरतात आणि आसाभोवती गुंततात. त्यांना चिकटपट्टीने ताणून ठेवा. जुन्या दोऱ्या आतड्याच्या तातीच्या असतात. त्या कोरड्या, तुकडे पडायला आलेल्या दिसल्या तर पुन्हा लावूच नका, नवीन घाला. माझ्या मशीनमध्ये कुणीतरी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घातली होती! ती ताणली जाते, खोबणीत बसत नाही. योग्य जाडीची तात किंवा बारीक पोलादी तार मिळते.

४. जागा निवडा

जून ते सप्टेंबर जी भिंत ओल धरते ती नको. खानापूरच्या बाजूला तर पश्चिमेच्या भिंतीला शेवाळ धरतं, तिकडे विचारच नको. दुपारचं ऊन थेट पडेल अशी जागाही नको, लाकडावरचा पातळ पापुद्रा सुटतो. दाराच्या आपटण्याची भिंत नको. देवघरासमोर धुपाची काजळी तबकडीवर बसते. तिथे ठेवायचाच हट्ट असेल तर काचेच्या फटी नीट बंद करा.

आणि वरच्या मजल्यावरची लाकडी तक्तपोशी नको. माणूस चालला की जमीन दबते आणि पेटी डुलते.

५. उभं करणं (हीच खरी दुरुस्ती)

माझं घड्याळ रविवारी चावी दिली की गुरुवारी किंवा शुक्रवारी थांबायचं. आठवड्यामागून आठवडा, तेच दिवस. घरात चेष्टा सुरू झाली की घड्याळाचा गुरुवारचा उपास आहे. एका दुरुस्तीवाल्याने मशीन धुऊन दिलं, दुसऱ्याने लंबकाची पट्टी बदलली. उपास चालूच.

कारण असं. वजनं वरून खाली येत येत चौथ्या-पाचव्या दिवशी लंबकाच्या गोळ्याच्या उंचीला येतात. तेव्हा दोरीवर लोंबणारं वजनही जवळजवळ लंबकाच्याच लांबीचं एक झोपाळा बनतं. पेटी जराशी जरी हलत असेल, तरी लंबकाचा झोका पेटीतून वजनाला लागतो आणि वजन झुलायला लागतं. लंबकाची शक्ती वजन खाऊन टाकतं. झोका लहान होतो, दाता सुटत नाही, घड्याळ थांबतं. पुढच्या रविवारी चावी दिली की वजनं वर, सगळं ठीक, आणि पुन्हा गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी दार उघडून बॅटरी मारून बघा. वजनं हळूच झुलताना दिसली तर रोग सापडला. दुरुस्तीवाल्याला फोन करू नका.

उपाय भिंतीत आहे. पेटीची मागची फळी वरच्या भागात, टोपाखाली लपेल अशा उंचीवर, दोन स्क्रूंनी भिंतीला आवळायची. म्हणायला सोपं, पण आपल्याकडच्या घरांत तीन अडचणी येतात.

पहिली, तळाची. फरशी शहाबादी असेल तर ती कधीच सपाट नसते. पेटी जागेवर ठेवून समोरून आणि बाजूने ओळंबा धरा. जिथे खाली आहे तिथे पाचर सारा. कागदाच्या घड्या, पुठ्ठा, काडेपेटी हे घालू नका. दबतात आणि महिन्याभरात पेटी पुन्हा डुलते.

दुसरी, भिंतीच्या पायाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीची. ती पट्टी पेटीचा तळ अर्धा-पाऊण इंच पुढे ढकलते आणि वर मागच्या फळीत आणि भिंतीत फट राहते. स्क्रू पिळून ती फट मिटवायला गेलात तर पेटी मागे वाकते, फळी तडकते. फटीत तेवढ्याच जाडीचा सागवानाचा ठोकळा घाला आणि स्क्रू त्यातून न्या.

तिसरी, जुन्या भिंतीची. आमची भिंत मातीची, आतून भेंडे. स्क्रू लावला, हाताने ओढला, मूठभर मातीसकट बाहेर. मग गवंड्याकडून चार इंच रुंद सागवानाची आडवी पट्टी दोन ठिकाणी सिमेंटमध्ये पक्की करून घेतली आणि घड्याळ त्या पट्टीला आवळलं. चिऱ्याच्या भिंतीत भोक मोठं पडतं, तिथेही तीच युक्ती बरी.

आवळून झालं की दोन बोटांनी वरून ढकलून बघा. काकांची परीक्षा हीच: पेटी हलायला नको, घर हलावं.

तळात वाकळेची घडी टाकून ठेवा. दोरी तुटली तर सहा किलोचं वजन तळाची फळी फोडून फरशीवर आदळतं. दार उघडं ठेवून लहान मूल आत डोकावत असेल तर काय होईल ते लिहायला नको. पेटीला कुलूप असेल तर लावा.

६. टिक आणि टॉक सारखे करा

पेटी ओळंब्यात आली, भिंतीला आवळली, लंबक टांगला, वजनं लावली. आता झोका द्या आणि डोळे मिटून ऐका. 'टिक… टॉक… टिक… टॉक' असं सारख्या अंतराचं हवं. 'टिक-टॉक… टिक-टॉक' असं लंगडत असेल तर ते तासाभरात थांबणार.

बरेच जण इथे पेटी तिरकी करून लंगडेपण घालवतात. घड्याळ चालतं, पण पाचवी पायरी पाण्यात जाते. पेटी सरळच राहू द्या. मशीनच्या मागे लंबकाला ढकलणारी एक पातळ दांडी असते. लंबक हळूच डावीकडे न्या, टिक ऐकू येईपर्यंत किती गेला ते बघा. मग उजवीकडे. ज्या बाजूला जास्त न्यावा लागला, त्याच्या उलट बाजूला ती दांडी केसभर वाकवायची. वाकवताना तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताने पक्कं धरा, जोर आसावर जाऊ देऊ नका. पुन्हा ऐका. दोन-तीनदा करावं लागतं. रात्री गल्ली शांत झाल्यावर केलं तर कान चांगला लागतो.

७. वेळ लावणं, आणि बेळगावचं गुरुत्व

लंबकाच्या गोळ्याखाली एक नट असतो. वर फिरवला, गोळा वर, घड्याळ पुढे जातं. खाली सोडला, मागे पडतं. गोळा १ मिलिमीटर वर-खाली झाला तर दिवसाला ४४ सेकंदांचा फरक पडतो. माझ्याकडे दुसऱ्या दुरुस्तीवाल्याने टांगणीची पट्टी नवी टाकली ती जुनीपेक्षा चार मिलिमीटर लांब होती. घड्याळ दिवसाला तीन मिनिटं मागे पडू लागलं आणि त्याचं म्हणणं, 'जुनं मशीन आहे, एवढं चालायचंच.' गणित येत असेल तर असलं काही ऐकून घ्यावं लागत नाही.

परदेशातून थेट आलेलं घड्याळ घेतलंत तर एक गंमत अनुभवाल. लंडनला सेकंदाचा लंबक सुमारे ९९४ मिलिमीटर लागतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ, शिवाय समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर. इथे पृथ्वीची ओढ थोडी कमी, म्हणून लंबक ९९१ मिलिमीटरच्या आसपास हवा. लंडनला काटेकोर लावलेलं घड्याळ काहीही न बदलता बेळगावात उभं केलं तर ते दिवसाला दोन मिनिटांहून थोडं जास्त मागे पडेल. बिघाड नाही, भूगोल. १६७२ साली ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला पॅरिसहून घड्याळ घेऊन गेला, तेव्हा ते रोज अडीच मिनिटं मागे पडत होतं. पृथ्वी दोन्ही टोकांना चपटी आहे याचा तो एक पहिला पुरावा ठरला.

लावायची पद्धत: फोनवर वेळ बघून सेकंदासकट लावा. बरोबर २४ तासांनी फरक वहीत लिहा. मगच नट फिरवा, एका वेळी थोडा. गोळा एका हाताने धरून नट फिरवा, नाहीतर वरची पट्टी पिळवटते. दिवसाला पाचदा बघून पाचदा फिरवलंत तर महिनाभर घोळ संपणार नाही.

आठवड्याला अर्ध्या-एक मिनिटाचा फरक राहिला की हात काढून घ्या. लंबकाची दांडी पोलादाची असेल तर हवा १० अंशांनी तापली की घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडतं. जानेवारीत लावलेलं घड्याळ एप्रिलमध्ये रेंगाळणार, ते मान्य करा.

८. टोल्यांची भांडणं

टोले दोन रीतींनी मोजले जातात. जुन्या रीतीत एका चाकाच्या कडेला कमी-जास्त अंतरावर खाचा असतात. ते चाक आंधळेपणाने एक, दोन, तीन असं क्रमाने वाजवत जातं, काटे कुठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून काटा चार दाखवतो आणि टोले सात पडतात. दुरुस्ती सोपी: टोल्याची तरफ हाताने उचलून, काट्याशी जुळेपर्यंत वाजवत राहा.

दुसरी रीत एडवर्ड बार्लो या इंग्रज धर्मगुरूने १६७६ साली काढली. त्यात टोल्यांचा हिशोब तासाच्या काट्याबरोबर फिरणाऱ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या चाकावरून होतो, त्यामुळे चूक आपोआप सुधारते. पण हिचा एक सापळा आहे. रात्री टोल्यांनी झोपमोड होते म्हणून टोल्याच्या बाजूची चावीच द्यायची नाही, असं काही घरांत करतात. बारानंतर एकच्या पायरीवर आतली तरफ अडकते आणि सगळं घड्याळ थांबतं. दुपारी किंवा रात्री बारा ते एकच्या मध्ये घड्याळ थांबत असेल तर आधी टोल्याचं वजन तळाला टेकलंय का बघा.

काटे मागे फिरवू नका. पुढे नेतानाही प्रत्येक तासाला थांबा, टोले पूर्ण पडू द्या. बारा तासांत ७८ टोले होतात, बसा ऐकत.

९. तेल, पुसणं आणि कुणाच्या हाती द्यायचं

खोबरेल नको. शिलाई मशीनचं नको. गंज सोडवायचा फवारा तर नकोच नको. आज सुळसुळीत, वर्षभरात डिंक. आसाची टोकं जिथे पितळी पत्र्यातून बाहेर येतात तिथे छोट्या वाटीसारखी खळगी असते. घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब तिथे. चाकांच्या दात्यांना अजिबात नाही. तेलावर धूळ बसते आणि दाते कानस लावल्यासारखे झिजतात.

पितळी तबकडीवरचं आकड्यांचं कडं पांढरट दिसत असेल तर तो चांदीचा पातळ थर आहे. पितळ चकाकवायचं पॉलिश लावलंत की तो गेला. रंगवलेली तबकडी मी स्वतः ओल्या फडक्याने पुसली. पाच ते दहाच्या मधल्या मिनिटांच्या रेघा फडक्यावर आल्या. त्या अजून तशाच आहेत, म्हणजे नाहीत.

मशीन दर काही वर्षांनी पूर्ण उकलून साफ करावं लागतं, ते जाणकारालाच करू द्या. देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "झिजलेल्या भोकांना काय करणार?" नवीन बुश (भोकात बसवायची छोटी पितळी कडी) बसवणार म्हणाले तर द्या. भोकाभोवती पंच मारून ते आवळणार म्हणाले तर नमस्कार करून घरी या. तो उपाय वर्षभर टिकतो आणि पत्रा कायमचा विद्रूप होतो. बुश आपल्याकडे करून मिळतात हे बेळगावचं भाग्य. उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका लेथवाल्याकडे मी पितळेचे चार बुश कातून घेतले. तो म्हणाला, "साहेब, आम्ही पंपाचे बुश करतो. हे काय मुंगीचे आहेत होय?" बसवायचं काम मात्र काकांनी केलं. मशीनचा पत्रा लेथवर नेऊ नका.

१०. लाकूड

पेटीचे पाय थेट फरशीवर ठेवू नका, खाली सागवानाच्या दोन पट्ट्या द्या. रोज फरशी पुसताना पाणी तळाला लागतं आणि जुनी पेटी तिथूनच कुजते. बारीक भोकं आणि खाली पिवळट पीठ दिसलं तर कीड चालू आहे. आधी औषध, मग घरात.

पावसाळ्यात पेटीचं दार फुगून अडकेल. रंदा मारू नका! दिवाळीपर्यंत थांबा, आपोआप लागेल. पापुद्रा सुटला असेल तर सुताराला सरस वापरायला सांगा, पांढरा गोंद नको. सरस पुढे कधी उष्णतेने आणि ओलाव्याने सोडवता येतो.

११. कागदपत्रं

- विकत घेतलं असेल तर पावती, त्यावर 'जुनं लंबकाचं घड्याळ, वजनं इतकी' असं वर्णन. कोल्हापूरकडून किंवा गोव्याहून आणताना ही पावती आणि फोटो गाडीत जवळ ठेवा.
- वारशाचं असेल तर वाटणीच्या कागदात एक ओळ, भावंडांच्या सह्यांसह. आज कुणाला नको असलेलं घड्याळ चालू झालं की सगळ्यांना आठवतं.
- घड्याळाचे, आतल्या शिक्क्यांचे, आकड्यांचे फोटो.

परदेशातल्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

१२. रविवारची चावी

वार आणि वेळ ठरवून घ्या. पेटीचं दार उघडं ठेवून चावी द्या, म्हणजे वजन किती वर आलं ते दिसतं. कप्पी फळीला टेकायच्या आत थांबा. चावी देताना सेकंद काटा थबकेल किंवा मागे जाईल. घाबरू नका, तेवढे काही सेकंद वजनाचा ओढा तुमच्या हातात असतो.

उजवी बाजू चालण्याची, डावी टोल्यांची. एका वेढ्याला बारा तास, म्हणून आठवड्याला उजवीकडे चौदा वेढे बसतात. माझ्या घड्याळात डावीकडे तेरा. एखाद्या रविवारी उजवीकडे बारातच वजन वर आलं तर घड्याळ मध्ये दिवसभर बंद होतं आणि घरातल्या कुणीतरी काही न बोलता लंबकाला झोका देऊन चालू केलंय. आमच्याकडे बहुतेक वेळा ती आई असते.